मॅग्नेशियमला रेअर अर्थची बळकटी: चार्जच्या हिशेबापासून एजिंगपर्यंत

वितळलेल्या मॅग्नेशियमच्या रसात चार टक्के यट्रियम टाकले, ओतकाम नीट झाले, नमुना ताणून पाहिला तर ताकद जेमतेम वाढलेली. रेअर अर्थवर (यट्रियम, निओडिमियम यांसारख्या मूलद्रव्यांवर) एवढा खर्च करून हाती काही लागत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा दोष मूलद्रव्याचा नसतो. ते टाकले कसे, कोणत्या क्रमाने, आणि नंतर उष्णोपचारात काय केले, यात तो असतो.

रसात टाकलेल्या यट्रियमला चार जागा असतात. एक, मळीत ऑक्साइड किंवा क्लोराइड होऊन बसणे. दोन, धातूच्या स्फटिककणांच्या (दाण्यांच्या) सीमेवर जाड, ठिसूळ युटेक्टिक (रस गोठताना सर्वांत शेवटी गोठणारे मिश्रण) होऊन राहणे. तीन, मॅग्नेशियमच्या स्फटिकजाळीत विरघळलेले असणे. चार, त्याच जाळीत नॅनोमीटर मापाच्या पातळ पत्र्यांसारखे अवक्षेप होऊन बाहेर येणे. खरी बळकटी चौथ्या जागी मिळते, आणि तिथे जायची वाट तिसऱ्या जागेतून जाते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: यट्रियम आत्ता कुठे आहे?

पुढे उदाहरण म्हणून डब्ल्यूई४३ हा मिश्रधातू घेतला आहे: सुमारे ४ टक्के यट्रियम, २ ते २.५ टक्के निओडिमियम, अर्धा टक्का झिर्कोनियम, बाकी मॅग्नेशियम. व्यापारी मालात थोडी इतर जड रेअर अर्थही असतात.

## टप्पा १: कोणते मूलद्रव्य आणि कशासाठी, हे आधी ठरवा

‘रेअर अर्थ’ या एका नावाखाली फार वेगळ्या स्वभावाची मूलद्रव्ये येतात. घन मॅग्नेशियममध्ये ती जास्तीत जास्त किती विरघळतात ते पाहा. लँथॅनम सुमारे ०.२ टक्के, सेरियम अर्ध्या टक्क्याच्या आसपास, निओडिमियम ३.६, यट्रियम १२, गॅडोलिनियम २३ टक्क्यांच्या पुढे (सर्व वजनी टक्के, युटेक्टिक तापमानाला).

एजिंगने (मध्यम तापमानाला तासन्‌तास ठेवून अवक्षेप काढण्याने) बळकटी हवी असेल तर मूलद्रव्य गरम असताना भरपूर विरघळले पाहिजे आणि थंड झाल्यावर त्याला जागा कमी पडली पाहिजे. गॅडोलिनियमची विद्राव्यता २०० अंशांवर चार टक्क्यांच्याही खाली येते. तेवीस आणि चार यांमधला हा फरक म्हणजेच तुमचे भांडवल. सेरियम आणि लँथॅनमकडे ते नाही. ती कणसीमेवर युटेक्टिकचे जाळे विणतात. त्याने ओतकाम सुधारते आणि उष्णतेत धातू सावकाश ताणला जाण्याला अटकाव होतो, पण एजिंग करून हार्डनेस चढत नाही. स्वस्त पडते म्हणून मिशमेटल (मुख्यतः सेरियम आणि लँथॅनमचे मिश्रण) टाकायचे आणि डब्ल्यूई४३ सारखी ताकद मागायची, हा या टप्प्यावरचा सर्वांत मोठा गैरसमज आहे.

दुसरी चूक म्हणजे एझेड९१ सारख्या अॅल्युमिनियमयुक्त मिश्रधातूत यट्रियम किंवा निओडिमियम टाकून एजिंगची अपेक्षा करणे. रसातच अॅल्युमिनियम आणि रेअर अर्थ एकमेकांना धरतात आणि त्यांचे जाड संयुग तयार होते. ते उष्णोपचारात विरघळत नाही. एई४४ सारखे मिश्रधातू याच संयुगाचा उपयोग उष्णता सोसण्यासाठी करतात, पण तो वेगळा मार्ग आहे. झिर्कोनियमचेही तसेच: अॅल्युमिनियम असलेल्या रसात ते संयुग होऊन तळाला जाते आणि कण बारीक करायला शिल्लक राहत नाही.

जस्त आणि यट्रियम एकत्र वापरत असाल तर त्यांचे प्रमाण अणूंच्या हिशेबाने मोजा, वजनाच्या नव्हे. जस्ताच्या एका अणूला यट्रियमचे दोन असतील तर लांब पुनरावृत्तीच्या थरांची एलपीएसओ रचना मिळते. जस्त सहापट असेल तर अर्धस्फटिकी प्रकार मिळतो. मधल्या प्रमाणात बळकटी फारशी न देणारा तिसराच प्रकार येतो. ९७ अणू मॅग्नेशियम, १ जस्त, २ यट्रियम ही प्रसिद्ध रचना वजनात मांडली तर साधारण २.५ टक्के जस्त आणि ६.८ टक्के यट्रियम होते. सूत्रातले १ आणि २ थेट वजनी टक्के समजून चार्ज (भट्टीत भरायच्या मालाचे माप) लावणारे कमी नाहीत.

सावधान: जास्त टाकले म्हणजे जास्त चांगले, असे नाही. डब्ल्यूई५४ मध्ये यट्रियम पाच टक्क्यांच्या वर असते. तो १५० अंशांच्या आसपास दीर्घकाळ वापरला की ठिसूळ होत जातो. यट्रियम कमी करून तन्यता राखणारा डब्ल्यूई४३ त्यासाठीच आला.

## टप्पा २: चार्जचा हिशेब

शुद्ध यट्रियम १५२२ अंशांना वितळते आणि गॅडोलिनियम १३१३ ला. मॅग्नेशियम १०९० अंशांच्या आसपास उकळते. म्हणून शुद्ध तुकडे टाकून ‘वितळेल हळूहळू’ म्हणत बसू नका. २५ ते ३० टक्क्यांचे मास्टर अलॉय (मॅग्नेशियममध्ये ते मूलद्रव्य आधीच मिसळलेला मिश्रधातू) वापरा.

हाती येणारा वाटा, म्हणजे रिकव्हरी, १०० टक्के कधीच नसते. पहिल्या वेळी यट्रियमची ८५, निओडिमियमची ९० आणि झिर्कोनियमची ५० टक्के धरून सुरुवात करा. हे आकडे केवळ सुरुवातीचे आहेत, तुमच्या भट्टीचे विश्लेषण आले की ते बदला. १० किलो रसासाठी हिशेब असा:

- यट्रियम ४ टक्के, म्हणजे ४०० ग्रॅम. ८५ टक्के रिकव्हरीने ४७१ ग्रॅम लागेल. ३० टक्क्यांचे मास्टर अलॉय १.५७ किलो.
- निओडिमियम २.३ टक्के, म्हणजे २३० ग्रॅम. ९० टक्के रिकव्हरीने २५६ ग्रॅम. ३० टक्क्यांचे मास्टर अलॉय ०.८५ किलो.
- झिर्कोनियम ०.५ टक्के, म्हणजे ५० ग्रॅम. निम्मे वाया जाईल म्हणून १०० ग्रॅम. ३३ टक्क्यांचे मास्टर अलॉय ०.३० किलो.
- शुद्ध मॅग्नेशियम सुमारे ७.४ किलो.

तपासा: मास्टर अलॉयच्या प्रत्येक खेपेचे विश्लेषण हातात आहे का? पिशवीवर ३० लिहिलेले असते, आत २७ निघू शकते. शिवाय लोह, निकेल आणि तांबे किती आहेत हेही पाहा. निकेलचे अगदी थोडे अंशही मॅग्नेशियमचा गंज भयंकर वाढवतात, आणि एकदा रसात गेलेले निकेल बाहेर काढता येत नाही.

## टप्पा ३: मूस, भट्टी आणि कोरडेपणा

मूस साध्या, कमी कार्बनच्या पोलादाची घ्या. निकेल असलेले स्टेनलेस स्टील रसाला लागता कामा नये: ढवळणी, पळी, थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारेचे) आवरण, काहीच नाही. मुशीच्या बाहेरून सुटलेली लोखंडी खपली भट्टीच्या तळाशी साचू देऊ नका. मूस गळली तर वितळलेले मॅग्नेशियम आणि लोह ऑक्साइड यांची अत्यंत उग्र अभिक्रिया होते. तळ प्रत्येक वेळी झाडून घ्या. अस्तराच्या विटा जास्त अॅल्युमिना आणि कमी सिलिका असलेल्या हव्यात.

रसात जाणारी प्रत्येक वस्तू आधी १५० अंशांच्या वर तापवून घ्या, म्हणजे मॅग्नेशियमच्या विटा, मास्टर अलॉय, अवजारे, सगळे. धातूचा साचा २०० ते ३०० अंशांवर ठेवा. वाळूचा साचा असेल तर वाळूत मॅग्नेशियमसाठीचे प्रतिबंधक द्रव्य मिसळलेलेच असले पाहिजे.

सावधान: ओल आणि वितळलेले मॅग्नेशियम एकत्र आले की हायड्रोजन सुटतो आणि रस उसळतो. आगीवर पाणी किंवा फोम कधीही टाकू नका. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामकही निरुपयोगी आहे, कारण जळते मॅग्नेशियम त्यातही जळत राहते. डी वर्गाची (धातूच्या आगीसाठीची) पावडर किंवा पूर्ण कोरडा फ्लक्स (रस झाकणारे आणि शुद्ध करणारे क्षारांचे मिश्रण) हाताशी ठेवा. ढाल, अॅल्युमिनाइज्ड कोट आणि कोरडे बूट घातल्याशिवाय भट्टीजवळ कोणीही जाऊ नये.

## टप्पा ४: वितळवण्याचा क्रम

इथे सर्वाधिक यट्रियम हरवते, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे नेहमीचा फ्लक्स. एझेड मालिकेच्या सवयीने लोक मॅग्नेशियम क्लोराइडवर आधारलेला फ्लक्स टाकतात. यट्रियम आणि इतर रेअर अर्थ त्यातला क्लोरीन ओढून घेतात आणि क्लोराइड होऊन मळीत जातात. तुम्ही फ्लक्स टाकून रस ‘शुद्ध’ करता तेव्हा महागडे यट्रियमच धुऊन काढत असता. म्हणून रेअर अर्थ टाकल्यावर मॅग्नेशियम क्लोराइडचा फ्लक्स पूर्ण बंद.

त्याऐवजी कव्हर गॅस (रसावर पसरून हवा दूर ठेवणारा वायू) वापरा. कोरड्या कार्बन डायऑक्साइडमध्ये अर्धा टक्का किंवा त्याहून कमी सल्फर हेक्साफ्लोराइड मिसळण्याची पद्धत जुनी आहे, पण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारपटींहून अधिक तापमानवाढ करणारा आहे. एचएफसी-१३४ए किंवा नीट नियंत्रित सल्फर डायऑक्साइड वापरता येत असेल तर तेच निवडा. सल्फर डायऑक्साइड विषारी आहे, त्यामुळे हवा खेचून नेण्याची सोय पक्की हवी.

क्रम असा ठेवा:

१. मूस तापवा, गॅस सुरू करा, मग मॅग्नेशियम भरा. गॅस आधी, धातू नंतर.

२. सगळे वितळून रस ७३० ते ७५० अंशांवर आला की वरची मळी काढा. ती तशीच ठेवून पुढे गेलात तर ढवळताना आत जाते.

३. निओडिमियमचे मास्टर अलॉय द्या, मग यट्रियमचे. यट्रियमला ऑक्सिजनची ओढ जास्त, म्हणून त्याचा रसातला वेळ कमी ठेवायचा. दोन्ही रसापेक्षा जड असतात. वरून सोडले तर तळाशी बसून राहतात. छिद्रांच्या पोलादी टोपलीत घालून रसाच्या मध्यावर धरा आणि सावकाश हलवत राहा.

४. टोपली रिकामी झाल्यावर तळापासून वरपर्यंत ढवळा. भोवरा पाडू नका. भोवरा पृष्ठभागावरची ऑक्साइडची पापुद्री आत खेचतो, आणि तीच पुढे ओतीव भागात भेगेसारखी वागते.

तपासा: झिर्कोनियम टाकण्याआधी वरून आणि खालून एकेक नमुना घ्या. यट्रियम वर कमी आणि खाली जास्त निघाले तर अजून ढवळायचे आहे. दोन्हीकडे कमी असेल तर ते मळीत गेले आहे. नुसते आणखी टाकत बसण्याआधी गळती शोधा: गॅसचा प्रवाह, झाकणाची फट, की फ्लक्स लागलेले अवजार.

## टप्पा ५: झिर्कोनियम, आणि लगेच ओतणे

झिर्कोनियम शेवटीच. लोह, सिलिकॉन, मँगनीज, हायड्रोजन, जे भेटेल त्याच्याशी ते संयुग करते. पोलादी मुशीतून लोह सतत थोडे थोडे सुटत असते, म्हणजे रस जितका वेळ थांबेल तितके झिर्कोनियम कमी होत जाते.

रस ७८० अंशांवर न्या, मास्टर अलॉय द्या आणि दहा मिनिटे तळापासून उचलून ढवळा. मग १५ ते २० मिनिटे अजिबात हात लावू नका, म्हणजे मोठे गोळे आणि ऑक्साइड खाली बसतील. तापमान ७५० च्या आसपास येऊ द्या आणि ओता. तळाचा थर मुशीतच सोडा. शेवटचा थेंब काढण्याच्या मोहात तळाचा सगळा गाळ साच्यात जातो. गाळणी वापरायची तर पोलादी जाळी किंवा मॅग्नेशियाची घ्या. सिलिका असलेली गाळणी रसाशी अभिक्रिया करते.

ओतायला उशीर झाला, म्हणजे साधारण अर्ध्या तासाच्या पुढे गेले, तर पुन्हा ढवळा आणि पुन्हा निवळू द्या. झिर्कोनियमचे बारीक कणही एव्हाना खाली गेलेले असतात.

तपासा: लहान कांडी ओतून मोडा. मोड रेशमी, करडा आणि बारीक दिसला पाहिजे. चकाकणारे मोठे पैलू दिसले तर झिर्कोनियम कामाला आलेले नाही. प्रयोगशाळेकडून ‘एकूण’ आणि ‘विद्राव्य’ झिर्कोनियम वेगवेगळे मागा. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळणारा भाग मुख्यतः कण बारीक करतो. एकूण आकडा चांगला आणि विद्राव्य कमी, असे दिसले तर ढवळणे कमी पडले.

## टप्पा ६: सोल्यूशन ट्रीटमेंट

आता यट्रियम धातूत आले आहे, पण ते कणसीमेवर अडकले आहे. ते जाळीत विरघळवण्यासाठी डब्ल्यूई४३ ला ५२५ अंशांवर ८ तास ठेवतात. हा आकडा युटेक्टिकच्या वितळण्याला बराच जवळ आहे. म्हणून भट्टीच्या प्रत्येक कोपऱ्यात ±५ अंशांची हमी हवी, आणि थर्मोकपल भट्टीच्या भिंतीला नव्हे तर ओतीव भागाला लावलेले हवे.

भाग स्वच्छ, कोरडे आणि किसाशिवाय ठेवा. बारीक किसाला आधी आग लागते. लांब भागांना आधार द्या, या तापमानाला ते स्वतःच्या वजनाने वाकतात. ४०० अंशांच्या वर संरक्षक वायू लागतो, आणि पेटण्याचा धोका धरून चालायचे.

सावधान: नायट्रेटच्या मिठाच्या बाथमध्ये मॅग्नेशियम कधीही बुडवू नका. स्फोट होतो.

वेळ वाचवायला ४८० अंशांवर भागवणे ही सर्रास होणारी चूक. युटेक्टिक अर्धवट विरघळते, एजिंगला कच्चा माल उरत नाही, आणि दोष मात्र एजिंगच्या भट्टीला दिला जातो. उलट, तापमान चढले तर कणसीमा वितळतात. सूक्ष्मदर्शकाखाली तीन कण मिळतात त्या कोपऱ्यांत गोलसर डबकी दिसली की तो भाग गेला. पुन्हा उष्णोपचार करून तो सुधारत नाही.

तपासा: नमुना घासून, नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाने) खोदून पाहा. सीमेवरचे जाळे नाहीसे झालेले हवे. मात्र चौकोनी, बारीक, रेअर अर्थने भरलेले कण आणि दाण्याच्या मध्यभागी झिर्कोनियमचे पुंजके उरतातच. ते पाहून ‘अजून विरघळले नाही’ म्हणत तास वाढवू नका, दाणे फुगतील. विद्युतवाहकता मोजायची सोय असेल तर ती फार उपयोगी: रेअर अर्थ जाळीत गेले की वाहकता उतरते आणि एजिंगमध्ये ती पुन्हा चढते. भाग न कापता होणारी याहून सोपी तपासणी मला माहीत नाही.

## टप्पा ७: पाणी पाजणे

भट्टीचे दार उघडल्यावर काही सेकंदांत भाग थंड होऊ लागला पाहिजे. ६० ते ८० अंशांचे गरम पाणी किंवा पॉलिमरचे द्रावण घ्या. गुंतागुंतीचा भाग थंड पाण्यात टाकला तर वाकतो किंवा तडकतो. पातळ भागांना जोरदार हवेचा झोतही पुरतो. जाड भाग हवेत ठेवून रेंगाळलात तर यट्रियम वाटेतच जाड कण होऊन बाहेर येते. भागाला आग लागलेली असेल तर तो पाण्यात नेऊ नका.

## टप्पा ८: एजिंग

डब्ल्यूई४३ साठी २५० अंश, १६ तास. निओडिमियम-गॅडोलिनियमच्या ईव्ही३१ ला ५२० अंशांच्या उपचारानंतर २०० अंश, १६ तास. दहा टक्क्यांच्या आसपास गॅडोलिनियम असलेल्या मिश्रधातूंना २०० ते २२५ अंश.

या तापमानाला निघणारे पत्रे मॅग्नेशियमच्या तळपातळीला (स्फटिकातल्या आडव्या थराला) काटकोनात उभे राहतात. मॅग्नेशियम सर्वांत सहज त्याच तळपातळीवर घसरते, म्हणून उभे पत्रे ती घसरण अडवतात. एझेड९१ मधले अवक्षेप बहुतांशी त्या पातळीलाच समांतर आडवे पडतात, म्हणून त्यांचा अडथळा कमी. रेअर अर्थवरचा खर्च या उभ्या पत्र्यांसाठी आहे. ३०० अंशांवर नेऊन काम लवकर उरकले तर पत्रे जाड आणि विरळ होतात, आणि घसरण त्यांच्यामधून निघून जाते.

पुस्तकातला आकडा घेऊन थांबू नका, स्वतःचा आलेख काढा. एकाच ओतकामातून सहा तुकडे घ्या, सगळ्यांना एकत्र सोल्यूशन ट्रीटमेंट द्या, आणि २, ४, ८, १६, २४ आणि ४८ तासांनी एकेक बाहेर काढून हार्डनेस मोजा. विकर्स हार्डनेस चाचणीला ५ किलोचा भार घ्या. फार हलका भार एकाच दाण्यात बसतो आणि आकडे उड्या मारतात. नीट झालेल्या डब्ल्यूई४३ ची ताण-ताकद सुमारे २५० मेगापास्कल आणि प्रूफ स्ट्रेस (धातू कायमचा ताणला जाऊ लागतो ती पातळी) १८० च्या आसपास येते.

## ओतीव नाही, एक्स्ट्रूड (छिद्रातून दाबून लांब) करायचे असेल तर

आधी सोल्यूशन तापमानाला होमोजिनायझेशन (रचना एकसारखी करणारे तापवणे) करा, मग ३५० ते ४५० अंशांत दाबा आणि थेट एजिंग करा. एक्स्ट्रूजननंतर पुन्हा ५२५ अंशांवर नेले तर दाबकामाने बारीक झालेले दाणे परत वाढतात. बिलेट (दाबायचा ठोकळा) गरम करून तासन्‌तास थांबवणे आणि फार संथ दाबणेही टाळा. त्या काळात अवक्षेप आधीच जाड होऊन निघतात.

## तरीही ताकद आली नाही तर

उलट्या दिशेने शोधा. विश्लेषणात यट्रियम कमी असेल तर टप्पा २ ते ४ मध्ये गळती आहे. विश्लेषण बरोबर, पण सोल्यूशननंतर वाहकता उतरलीच नाही, तर टप्पा ६ कच्चा. वाहकता उतरली, पण एजिंगमध्ये हार्डनेस चढत नाही, तर थंड करण्याचा वेग आणि एजिंग भट्टीचे खरे तापमान पाहा. हार्डनेस योग्य, पण नमुना न ताणताच तुटतो, तर तुटलेला मोड भिंगाखाली धरा: काळसर, सुरकुतलेले पापुद्रे दिसले तर ढवळण्याची आणि ओतण्याची पद्धत बदला, चकाकणारे मोठे दाणे दिसले तर झिर्कोनियमकडे वळा.

परत वितळवायचे तुकडे वेगळ्या, खूण केलेल्या डब्यात ठेवा. त्यात एझेड मालिकेचा एकही तुकडा मिसळला तर त्यातले अॅल्युमिनियम झिर्कोनियम आणि रेअर अर्थ दोन्हींना गाळात नेते. स्वच्छ धावरे आणि रायझर (साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेला धातू) नव्या चार्जमध्ये घेता येतात, पण त्यांतले यट्रियम विश्लेषणाने मोजून हिशेबात धरा, आणि झिर्कोनियम मात्र शून्य आहे असे समजून पूर्ण नव्याने द्या.